जुन्या पिकअपचा डिझेलचा काटा: फ्लोट बदलण्याआधी अर्थ (earth) बघा

काटा चुकतोय म्हटलं की गॅरेजवाला पहिल्यांदा फ्लोट बदलतो, म्हणजे टाकीतला तो भाग ज्याची दांडीवरची डबी डिझेलबरोबर वर-खाली होते आणि त्याप्रमाणे विजेचा अडथळा (ओम) बदलतो. तरी चुकला की मीटर, आणि तरीही चुकला की "जुन्या गाडीचं असंच असतं" म्हणत हात पुसतो. मग ड्रायव्हर टाकीत काठी घालून डिझेल मोजायला लागतो. एखाद्या दिवशी काठी विसरते, भर घाटात डिझेल संपतं, गाडी एअर घेते (डिझेलच्या पाइपात हवा शिरते), आणि पंपापर्यंत कॅन घेऊन जाण्यापेक्षा ती एअर काढण्यात जास्त वेळ जातो. एवढं सगळं बहुतेक वेळा अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या वाटेवरच्या, एका गंजलेल्या सांध्यापायी.

इथे बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ अशा जुन्या, १२ व्होल्टच्या, डिझेल गाड्यांबद्दल लिहितोय. पेट्रोलची गाडी असेल तर टाकी उघडण्याचं काम जाणकाराकडे द्या. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते.

आधी लक्षण नीट बघा

फ्यूज बघा. डिझेलच्या काट्याबरोबर टेंपरेचरचा काटाही वेड्यासारखा वागत असेल तर टाकीकडे जाऊच नका. दोष मीटरच्या सप्लायमध्ये, मीटरच्या अर्थमध्ये किंवा जुन्या मीटरमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये आहे. काटा ठरावीक जागीच झटके खात असेल तर फ्लोटमधला ट्रॅक झिजलाय. आणि हेडलाइट लावल्यावर काटा खाली सरकत असेल किंवा इंडिकेटरच्या तालावर हलत असेल, तर अर्थ खराब आहे. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, थेट अर्थच्या भागावर जा.

मीटर की टाकी?

की ऑफ करून टाकीवरच्या फ्लोटचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० ओम आणि १०० ओमचे, ५ वॉटचे दोन रेझिस्टर आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर पैशात मिळतात. फ्लोटकडे जाणाऱ्या वायरला एक रेझिस्टर आणि त्याचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा, की ऑन करा, अर्धा मिनिट थांबा. जुने मीटर तापून हळू चढतात, लगेच निष्कर्ष काढू नका. मग दुसरा रेझिस्टर लावून बघा. काटा दोन वेगळ्या जागी थांबला म्हणजे मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीकडे.

"फ्लोटची वायर बॉडीला टेकवली की काटा फुलवर गेला पाहिजे" हा व्हिडिओंमधला सल्ला डोळे झाकून मानू नका. सत्तरच्या दशकातल्या फोर्ड पिकअपमध्ये रिकाम्या टाकीला साधारण ७३ ओम आणि भरलेल्या टाकीला १० ओम येतात. त्याच काळातल्या शेव्हरोलेमध्ये बरोबर उलटं, रिकामीला ० आणि भरलेलीला ९०. युरोपात VDO कंपनीचे १० ते १८० ओमवाले फ्लोट चालतात, त्यातही आकडा टाकीबरोबर चढतो. व्हिडिओतला माणूस कुठल्या गाडीबद्दल बोलतोय ते बघितल्याशिवाय त्याचं ऐकायचं नाही.

फ्लोटच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट देऊन "चेक" करणाऱ्याला तर गाडीला हातही लावू देऊ नका. आतली बारीक तार जळते, आणि ठिणगी पडते ती टाकीत.

अर्थ: सगळे अडकतात ती जागा

मलाही सगळ्यात जास्त वेळ याच जागी लागायचा, कारण अर्थ डोळ्यांना चांगलाच दिसतो. टाकी बहुतेक वेळा रबराच्या पट्ट्यांवर बसलेली असते, म्हणजे चेसिसपासून वेगळी. फ्लोटचा करंट परत जातो तो एका बारीक वायरमधून किंवा फ्लोटच्या स्क्रूंमधून. त्या वाटेवर चिखल, गंज आणि दर दिवाळीला हौद्याबरोबर चेसिसलाही मारलेला रंग. तिथे २० ओम वाढले तरी मीटरला वाटतं की ते फ्लोटचेच आहेत. कमी ओम म्हणजे फुल असलेल्या गाडीत भरलेली टाकी पाऊण दिसते. उलट्या प्रकारच्या गाडीत रिकामी टाकी पाव भरलेली दिसते, आणि तेच जास्त महागात पडतं.

मल्टिमीटर ओमवर लावून अर्थ तपासू नका. की ऑन असताना चेसिसमधून इतर करंट वाहत असतो, आकडा खोटा येतो. की ऑफ करून मोजलं तर कच्चा सांधाही तेवढ्यापुरता बरा वागतो. व्होल्टेज मोजा.

कपलर परत लावा, की ऑन, हेडलाइट ऑन. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर (लांब वायर जोडून घ्या), लाल प्रोब फ्लोटच्या पत्र्यावर (टाकीवर स्क्रूंनी बसवलेलं त्याचं झाकण). स्क्रूच्या डोक्यावर नाही, पत्र्यावरच, खरवडून. ०.१ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब. आता लाल प्रोब मागे मागे आणा: फ्लोटचा पत्रा, टाकी, चेसिस, बॅटरीची अर्थ केबल. आकडा ज्या दोन जागांच्या मध्ये एकदम पडतो, गंज तिथेच आहे. अंदाजाने सगळी गाडी घासत बसायची गरज नाही. प्लास्टिकची टाकी असेल तर अर्थची वेगळी पिन कपलरमध्येच असते, लाल प्रोब कपलरच्या मागून त्या पिनला लावा.

सांधा उघडा, धातू चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस. मी याशिवाय फ्लोटच्या स्क्रूपासून चेसिसपर्यंत दीड एमएमची नवी वायर टाकतोच, जुनी वायर चांगली दिसली तरी. त्यात पिळून टेप मारलेला सांधा चालणार नाही, टोकाला लग (भोकाची धातूची टोपी) दाबून घ्या.

बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं.

तरीही चुकत असेल तरच फ्लोट काढा

आसपासचा चिखल आधी हवेने उडवा, नाहीतर तो टाकीत जाईल. पत्र्याची दिशा मार्करने खुणावून ठेवा. फ्लोट बाहेर काढून दांडी हळू वर-खाली करत ओम बघा. यासाठी काट्याचा जुना मल्टिमीटर बरा. ट्रॅकवर तुटलेल्या जागी काटा उडी मारतो, डिजिटलमध्ये ते कळत नाही. ट्रॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, घासपेपर लावलात तर तार गेली. डबी गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर ती फुटली आहे, नवी घ्या. काटा जुळत नाही म्हणून दांडी वाकवणं सगळ्यात शेवटी, आणि अर्थ ठीक असल्याची खात्री झाल्यावरच. नाहीतर उद्या कुणीतरी अर्थ दुरुस्त करेल आणि काटा दुसऱ्या बाजूला चुकेल.

बसवण्याआधी फ्लोट बाहेरच ठेवून कपलर जोडा, अर्थची तात्पुरती वायर लावा, दांडी हाताने हलवा आणि केबिनमधल्या माणसाला काटा बघायला सांगा. फ्लोटच्या पत्र्याखालचं पॅकिंग नवं. बाथरूमचं सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून सुटतं.

मग टाकी जवळजवळ रिकामी असताना सपाट जागेवर पाच-पाच लिटर डिझेल घाला आणि प्रत्येक वेळी की ऑन करून काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. टाकीचा आकार सरळ नसतो, म्हणून काट्याचा अर्धा म्हणजे अर्धी टाकी असेलच असं नाही. हा कागद सनव्हायजरमागे खोचून ठेवा, गाडी दुसरा ड्रायव्हर चालवणार असेल तर त्यालाही दाखवा.