पर्सेलचं ‘हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड’ बसवताना या चुका टाळा

सतराव्या शतकातला इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलची ही रचना जेमतेम ३४ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा), साधारण अडीच मिनिटांची. आठ आवाज, म्हणजे गायकांचे आठ गट आणि प्रत्येकाची वेगळी सुरावट, साथीला ऑर्गन, शब्द बायबलमधल्या १०२व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीचे. वेस्टमिन्स्टर ॲबेचा ऑर्गनवादक असताना, १६८२च्या सुमारास त्यानं ती लिहिली. छोटी म्हणजे सोपी, असं धरून कॉयर (गायकवृंद) ती कार्यक्रमाच्या आठवड्यात काढतात आणि तिथेच घात होतो.

पहिली चूक, पट्टी उतरणं. सुरुवातीची ओळ जवळजवळ एकाच सुरावर आहे. पेटीच्या भाषेत पांढरी १, मध्येच काळी २ला स्पर्श आणि परत; म्हणजे सा आणि कोमल ग. तोच सा पुन्हा पुन्हा लावताना दर वेळी केसभर खाली जातो. सगळे एकत्र उतरतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. मग चर्चमध्ये शेवटच्या सरावाला ऑर्गन मिसळतो, कॉयर पाव सूर खाली निघतो आणि दोष ऑर्गनला दिला जातो! यावर ऑर्गन सतत वाजता ठेवून सराव करणं ही पळवाट आहे. कान त्यावर रेलून बसतात. त्यापेक्षा ऑर्गनशिवाय गा, दर आठ बारनंतर थांबून कॉर्ड (सगळ्या आवाजांचे सूर एकत्र) धरा आणि ऑर्गनवर सूर तपासा. प्रत्येक नवा सा आधीच्यापेक्षा किंचित वर आहे, असं मनात धरूनच लावा.

ओळीतल्या ‘क्राइंग’ या शब्दावर अर्ध्या सुरांच्या पायऱ्या येतात. चढताना त्या तोकड्या पडतात आणि उतरताना पाय जास्त खोल जातो. रागसंगीतावर तयार झालेले गळे इथे नकळत मींड घेतात, कोमल गला आंदोलन देतात. एकट्याला ते शोभेल. आठ आवाजांत त्याचा चिखल होतो. सूर थेट लावा. स्वर ‘क्रा’वर धरा, ‘य’ अगदी शेवटी येऊ द्या.

दुसरी चूक, घाई. आवाज एकामागून एक दाखल होतात, त्यामुळे चढण रचनेतच आहे. तरी पहिला गटच जोर लावतो, अर्ध्यावर सगळे ओरडू लागतात आणि शेवटाकडे जिथे आठही आवाज एकमेकांवर घासतात तिथे वाढवायला काही उरत नाही. पहिलं पान बोलण्याइतक्या आवाजात गा. तो घासणारा कॉर्ड वेगळा काढा: आधी दोन बेस (सर्वांत खालचे पुरुष-आवाज), मग एकेक आवाज चढवा. शेजारचा सूर टोचला की गायक आपला सूर सोडून त्याच्याकडे सरकतो. फोनवरच्या पार्ट-ट्रॅकवर (फक्त आपल्या आवाजाच्या रेकॉर्डिंगवर) घरी पाठ करून आलेल्यांचं हमखास हेच होतं, कारण ते टोचणं त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं.

श्वास शेजाऱ्यासोबत घेऊ नका, आळीपाळीनं घ्या.

ऑर्गनला आठ फुटी (लिहिलेल्या सप्तकातच वाजणारा) मऊ फ्लूट स्टॉप, म्हणजे बासरीसारख्या नळ्यांचा संच, पुरतो. कीबोर्ड असेल तर ‘चर्च ऑर्गन’ टोनमधलं कंपन बंद करा.

शेवट फार ताणू नका. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममधल्या हस्तलिखितात या रचनेनंतर पानं कोरी सोडलेली आहेत. बहुधा ही मोठ्या रचनेची सुरुवात होती. पुढे अजून काही येणार आहे, अशा बेतानं शेवटचा कॉर्ड सोडा.