कार्यक्रमाची सुपारी बॉक्स मोजून मिळत नाही: साउंडवाल्यांनो, या चुका टाळा

सोलापुरात गड्ड्याची यात्रा झाली की शिवजयंती, आंबेडकर जयंती, मार्कंडेय रथोत्सव, गणपती, नवरात्र असं वर्षभर काही ना काही चालूच असतं. मोठ्या मिरवणुकांची कामं ठरलेल्या लोकांकडे जातात. नव्या माणसाला दार उघडतं ते समाजाच्या वधू-वर मेळाव्यातून, सोसायटीच्या हळदीकुंकवातून, मंदिरातल्या कीर्तनातून. तिथं लोक ऐकायला आलेले असतात. हे विसरलं की काम हातचं जातं.

सगळ्यात महागात पडते ती जागा न बघता फोनवर दर सांगण्याची घाई. एकदा जाऊन या आणि हॉलच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा. पत्र्याच्या छताखाली ती टाळी दोन-तीनदा परत ऐकू आली, तर आवाज वाढवून तिथं बोलणं कळणार नाही. दोन मोठ्या बॉक्सऐवजी (म्हणजे स्पीकरऐवजी) चार लहान बॉक्स लोकांच्या जवळ लावा आणि प्रत्येकाचा आवाज कमी ठेवा. मागचे बॉक्स मंचापासून ३० मीटरवर असतील तर पुढच्या बॉक्सचा आवाज तिथं पोचायला साधारण ८५ ते ९० मिलिसेकंद लागतात. मागच्या बॉक्सना तेवढा डिले दिला नाही, म्हणजे त्यांचा आवाज तेवढा उशिरा सोडला नाही, तर मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

आता माईक. सुरुवातीच्या काळात एका वधू-वर मेळाव्यात माझ्याकडून झालेली चूक सांगतो. एक मुलगी माईक पोटाशी धरून हळू बोलत होती. मी मिक्सरवर गेन, म्हणजे माईकचा आवाज उचलण्याची पातळी, चढवत गेलो आणि सीटी वाजली. ती दचकली, शिक्षण-नोकरी सांगायचं राहिलं आणि तशीच खाली उतरली. तिच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून कॉर्डलेस फक्त निवेदकाच्या हातात देतो. मुला-मुलींसाठी स्टँडवर वायरचा माईक लावतो आणि प्रत्येकाच्या हनुवटीपर्यंत उंची करायला एक पोरगा शेजारी उभा करतो. बॉक्स माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. बोलण्याच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापतो, म्हणजे घुमणं कमी होऊन अक्षरं सुटी ऐकू येतात. पद्मशाली समाजाच्या मेळाव्यात तेलुगू आडनावं असतात, ती नीट ऐकू गेलीच पाहिजेत. मेळावा त्यासाठीच असतो.

हमिंग, म्हणजे बॉक्समधून सतत येणारा गुणगुण आवाज, आलं की काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. बॉक्समध्ये फॉल्ट आला तर तो करंट माईक धरलेल्या माणसाच्या हातात उतरू शकतो. बहुतेक वेळा मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर लावलेला असल्यामुळे हमिंग येतं. दोघांना एकाच ठिकाणाहून लाईन द्या. लॅपटॉप किंवा कीबोर्ड असेल तर डीआय बॉक्स, म्हणजे हमिंग अडवायला त्यांच्या आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी डबी, वापरा. मंडपाच्या लाइटिंगच्या बोर्डातून लाईन घेऊ नका, वायरमनकडून वेगळी मागून घ्या.

परवानगी आयोजकांनी काढायची म्हणून आपण गप्प बसायचं, हेही चुकीचं. कागद बघितल्याशिवाय गाडी भरू नका. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद असतो. सरकारनं सूट दिलेल्या मोजक्या दिवशी रात्री १२ पर्यंत चालतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. कार्यक्रम उशिरा सुरू होणार हे दिसत असेल, तर "काका, दहाला बंद करावंच लागेल, भाषणं आधी घेऊ या" असं अध्यक्षांना दुपारीच सांगा. ऐन वेळी आवाज बंद करावा लागला तर सगळ्यांसमोर मान त्यांची खाली जाते.

दर कमी करून सुपारी मिळवू नका. बॉक्स किती, माईक किती, ऑपरेटर, गाडी, जनरेटर कुणाचा, सगळं लिहून द्या आणि ॲडव्हान्स घ्या. खजिनदाराला समितीपुढे दाखवायला कागद लागतो.

आणि आभारप्रदर्शन चालू असताना वायरी गुंडाळू नका. देणगीदार, स्वयंपाकाची बाजू सांभाळणाऱ्या मावश्या, खुर्च्या लावणारी पोरं, सगळे आपलं नाव ऐकायला थांबलेले असतात. राष्ट्रगीत होऊ द्या, मंच रिकामा होऊ द्या, मगच स्टँडवरचा माईक काढा.