पहिल्या ड्युटीला जाण्याआधी

घरी जाऊन म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला सांभाळण्याचं काम तुम्ही धरलंय, तर आदल्या रात्री आधी नखं कापा. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, आपलं नख नुसतं घासलं तरी सोलवटते. अंगठ्या आणि बांगड्या घरीच ठेवा, त्यांच्याखाली साबण पोचत नाही. मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला, कपड्यांचा एक जोड, खिशात मावेल अशी वही, पेन, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि डबा एवढं पिशवीत भरा. पावसाळ्यात कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घ्या आणि तुमची स्वतःची बीपी-शुगरची औषधं असतील तर दोन दिवसांची बरोबर ठेवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या सकाळी आठला मी ड्युटीवर चढले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले, कारण बदलीची बाई पोचूच शकली नाही. बदली येऊन चार्ज, म्हणजे पेशंटची जबाबदारी, घेईपर्यंत पेशंटला एकटं टाकून निघायचं नाही, हे मनाशी पक्कं करूनच या कामात या. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर आताच सुरू करा. पहिल्या डोसनंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा असतो.

आठची ड्युटी असेल तर पावणेआठला पोचा. साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवा, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे विसरू नका. मग चार्ज घ्या, पण दारात उभं राहून, चपला घालता घालता घेऊ नका. पलंगाजवळ जा, रात्रपाळीच्या मावशींना थांबवा, चादर बाजूला करून दोघींनी मिळून अंग बघा. रात्री झोप लागली का, शौचाला शेवटचं कधी झालं, लघवी किती आणि कोणत्या रंगाची, जेवण किती गेलं, कोणती औषधं दिली, हे विचारून वहीत लिहा. या माणसाचं रोजचं कसं असतं, हे तुम्हाला ठाऊक असलं तरच आज काय बदललं ते दिसेल. डॉक्टर दहा मिनिटं येतात, मुलं ऑफिसला जातात. बारा तास बघणारं माणूस तुम्हीच.

कातडीबद्दल जरा जास्त सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण आडवं नाही, पाठीमागे उशी देऊन थोडंसं तिरकं, म्हणजे भार थेट कमरेच्या हाडावर येत नाही. गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी आणि टाचा अधांतरी. वर सरकवताना ओढू नका, खालच्या आडव्या चादरीला दोघांनी धरून उचला. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर कूस बदलून नजर ठेवा. फिका पडतच नसेल तर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, सुरू झाला. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताने चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागतंय का? अशा जागेला चोळू नका, घरचे म्हणाले तरी नाही. खाली हवेची गोल रिंगही नको, तिच्या कडेवर दाब येऊन रक्त अडतं. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते. सगळेजण माकडहाड बघतात, टाच कोणी बघत नाही. मीही नवीन असताना एका आजींचे मोजे थंडी वाजेल म्हणून तीन दिवस काढले नव्हते. चौथ्या दिवशी काढले तेव्हा टाच काळी पडली होती. ती भरायला चार महिने लागले. मुंबईच्या दमट हवेत जांघा, स्तनांखालची घडी, बोटांच्या बेचक्याही रोज उघडून बघा. तिथे पावडर थापली की घामाने तिचे गोळे होतात. टिपून कोरडं करणं हेच खरं.

भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, चमचा छोटा. लकव्याच्या पेशंटच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो शेवटी बघून काढा. चहात बुडवलेलं बिस्कीट सगळ्या घरांत प्रेमाने दिलं जातं, पण गिळायला त्रास असेल तर तेच घातक: चहा आधी घशात उतरतो, लगदा मागे राहतो आणि ठसका लागतो. पोटात जाणाऱ्या नळीने फीड, म्हणजे पातळ अन्न, दिलं जात असेल तर डोकं 30 ते 45 अंश वर, फीडनंतरही निदान अर्धा तास तसंच. नळीवरची खूण सरकलेली दिसली तर फीड न देता नर्सला बोलवा. नळी बसवणं, इंजेक्शन देणं, गोळीचा डोस बदलणं ही तुमची कामं नाहीत, कोणी कितीही गळ घातली तरी.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता. कूस बदलताना ती पेशंटच्या अंगावरून फिरवू नका. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. व्हीलचेअर बळकट बाजूला लावायची आणि आधी ब्रेक.

नाडी मिनिटाला 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20 असावा. त्याबाहेर गेलं किंवा ताप 100.4 च्या वर गेला की कळवा. शुगर 70 च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नाही, लगेच अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 108 लावा. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं तर माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून 108 लावा. डॉक्टर तीच वेळ आधी विचारतात.

विसराळूपणाच्या आजारात संध्याकाळ अवघड जाते. लालबागचे एक आजोबा सहा वाजले की पाळीला निघायचे. गिरणी बंद झाली हे सांगून ते ऐकणार नव्हते. मी विचारायचे, ‘आजोबा, कुठल्या खात्यात?’ ते साच्यांचं, म्हणजे गिरणीतल्या मागांचं, सांगत बसायचे आणि घराचं दार विसरायचे. एके दिवशी मात्र ते दुपारीच चिडले, हात झटकला, मला ओळखेनात. घरच्यांना वाटलं, आजार वाढला. माझ्या वहीत सकाळपासून लघवी गढूळ, वास उग्र, पाणी दोनच ग्लास असं लिहिलेलं होतं. तपासलं तर लघवीत इन्फेक्शन निघालं. म्हणून वहीत ‘आजोबा चिडचिडे’ असं लिहू नका. 3 वाजता दोनदा हात झटकला, चहा अर्धा कप, लघवी 150 मिलिलिटर, गढूळ, असं लिहा.