ॲक्सेसच्या फॉर्ममधली कंपाइल एरर कशी शोधावी

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या फॉर्मवरचं बटण दाबलं की कंपाइल एररची, म्हणजे कोड चालण्याआधीच्या तपासणीत सापडलेल्या चुकीची, चौकट येते आणि कोडमधला एखादा शब्द ठळक होतो. चूक त्याच शब्दात असेल असं नाही, म्हणून कोडला लगेच हात लावू नका.

आधी फाइलची प्रत काढून ठेवा. ऑल्ट आणि एफ११ दाबून व्हीबीए एडिटर (कोड लिहिण्याची खिडकी) उघडा, कोड मध्येच थांबलेला असेल तर रीसेट करा आणि डीबग मेनूतलं कंपाइल निवडा. कंपाइलर पहिल्याच चुकीवर थांबतो. ती दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा. सगळं नीट झालं की मेनूतला तो पर्याय फिकट होतो.

डेट, लेफ्ट, ट्रिम अशा साध्या फंक्शनवर एरर आली, तर दोष बहुधा लायब्ररीचा, म्हणजे कोडला लागणाऱ्या तयार फंक्शनच्या संचाचा असतो. एक लायब्ररी सापडली नाही, तरी तिच्याशी संबंध नसलेली नावंही ओळखली जात नाहीत. टूल्स मेनूतून रेफरन्सेस उघडा. ज्या ओळीपुढे ‘मिसिंग’ लिहिलंय तिची खूण काढा. ती लायब्ररी लागणारच असेल, तर या संगणकावरची आवृत्ती निवडा.

‘मेथड ऑर डेटा मेंबर नॉट फाउंड’ हा निरोप फॉर्ममध्ये फार वेळा भेटतो. कंट्रोलचं (फॉर्मवरच्या बटणाचं किंवा चौकटीचं) नाव बदललेलं असतं आणि कोडमध्ये जुनंच राहतं. प्रॉपर्टी शीटच्या अदर टॅबमधलं नेम पाहा. कॅप्शन हे नाव नव्हे. कोडमध्ये ‘मी’ (Me, म्हणजे हाच फॉर्म) या शब्दानंतरच्या टिंबाऐवजी उद्गारचिन्ह टाकलं की एरर गायब होते, पण तो इलाज नाही. टिंबानंतरचं नाव कंपाइल करतानाच तपासलं जातं, उद्गारचिन्हानंतरचं मात्र कोड चालताना. म्हणजे तीच चूक पुढे वापरणाऱ्याच्या समोर येणार. रेकॉर्डसेटच्या (टेबलातून घेतलेल्या नोंदींच्या संचाच्या) एडिटवर हाच निरोप आला, तर व्हेरिएबल डीएओऐवजी एडीओ या दुसऱ्या डेटा-लायब्ररीचा ठरलाय आणि तिच्यात एडिट नाही, म्हणून डिक्लेरेशनमध्ये ‘डीएओ.रेकॉर्डसेट’ असं स्पष्ट लिहा.

‘व्हेरिएबल नॉट डिफाइन्ड’ आल्यावर ऑप्शन एक्स्प्लिसिटची (व्हेरिएबल आधी जाहीर करायला लावणारी) ओळ काढू नका, स्पेलिंग तपासा. बिफोर अपडेट या, बदल जतन होण्याआधी चालणाऱ्या प्रोसीजरच्या कंसात ‘कॅन्सल ॲज इंटिजर’ हवंच. ६४-बिट ऑफिसमध्ये बाहेरची फंक्शन जाहीर करणाऱ्या डिक्लेअरच्या ओळींना पीटीआरसेफ हा शब्द लागतो आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) किंवा हँडलसाठी (विंडोजने दिलेल्या ओळखक्रमांकासाठी) लाँगपीटीआर हा प्रकार.

कोड बरोबर असूनही एरर हटत नसेल, तरच डीकंपाइल करा, म्हणजे फाइलमध्ये साठलेला आधीचा कंपाइल झालेला कोड काढून टाका. विंडोजच्या रनच्या चौकटीत ॲक्सेसचा पूर्ण पाथ, मग फाइलचा पाथ आणि शेवटी ‘/डीकंपाइल’ हा स्विच रोमन अक्षरांत द्या; दोन्ही पाथ अवतरणचिन्हांत हवेत. सुरुवातीचा कोड चालू नये म्हणून फाइल उघडताना शिफ्ट दाबून धरा. मग ॲक्सेस बंद करा, फाइल नेहमीसारखी उघडून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर करा आणि पुन्हा कंपाइल करा.