स्केचअपमध्ये गोलाईदार वॉशबेसिन: सबडी एक्स्टेंशनने जाळी गुळगुळीत कशी करावी

स्केचअप या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती, खिडक्या, किचनचा ओटा भराभर उभे राहतात. देवघरही होतं, आतली मूर्ती मात्र होत नाही. सोफ्याची गादी, उशी, बेसिन, बाथटब अशा वस्तूंशी पोचलं की पुशपुल (पृष्ठ सरळ ओढणारं-ढकलणारं साधन) आणि फॉलो-मी (आकार एका मार्गावरून फिरवणारं साधन) अपुरे पडतात. मग बहुतेक जण थ्रीडी वेअरहाऊस या स्केचअपच्या ऑनलाइन मॉडेल-संग्रहातून कुणाचं तरी जड मॉडेल उतरवून घेतात. त्याची गरज नाही. अशा वस्तू स्वतः बनवता येतात, आणि त्यासाठी लागणारी मूळ जाळी (कडा आणि पृष्ठं जोडून झालेला सांगाडा) अगदी थोड्या रेषांची असते.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. स्केचअपच्या उजव्या ट्रेमधलं ‘सॉफ्टन एजेस’ आकार बदलत नाही. ते कडा लपवतं आणि छटा अशा देतं की पृष्ठभाग गोल वाटावा. बाह्यरेषा पाहिलीत तर ती तशीच टोकेरी असते. आकार खरोखर गोल करायचा तर जाळीच नव्याने विभागावी लागते, आणि हे काम सबडी करतं. थॉमस थॉमासेन यांचं हे एक्स्टेंशन विकतचं आहे, पण आधी चाचणीसाठी वापरून पाहता येतं. चौकोनी जाळीवर काम करणारं त्यांचंच ‘क्वाडफेस टूल्स’ मोफत आहे. एक्स्टेंशन वेअरहाऊसमधून दोन्ही घ्या. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्केचअपमध्ये अशी एक्स्टेंशनं बसत नाहीत, संगणकावर उतरवलेली आवृत्तीच लागते.

बटण दाबल्यावर काय होतं

या विभागणीची रीत एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ साली मांडली. पुढे कॅटमल पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले, तर क्लार्क यांनी सिलिकॉन ग्राफिक्स काढली. रीत अशी: प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक नवा बिंदू येतो, प्रत्येक कडेवर एक येतो, आणि जुने कोपरे आसपासच्या बिंदूंच्या सरासरीकडे आत सरकतात. एका चौकोनाचे चार होतात. हेच पुन्हा केलं की चाराचे सोळा.

सरासरी घेतली की आकार आक्रसतो. हे आधीच माहीत असलं तर पुढचा बराच वैताग वाचतो. एक मीटर बाजूच्या साध्या ठोकळ्यावर ही विभागणी पुन्हापुन्हा केली, तर समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सुमारे ८४ सेंटिमीटरवर येऊन थांबतं आणि कोपऱ्यांच्या दिशेने ते सुमारे ८६.६ सेंटिमीटर राहतं. म्हणजे आकार चेंडूसारखा दिसतो, पण तो अचूक गोल नसतो. नेमका गोल हवा असेल तिथे सबडी वापरू नका, फॉलो-मीच बरं.

मूळ जाळी उभी करा

आपण ओट्यावर ठेवायचं बेसिन करू. मोजमापं मिलिमीटरमध्ये ठेवा.

१. ६०० × ४५० चा आयत काढा आणि पुशपुलने १५० वर उचला.

२. वरच्या पृष्ठावर ऑफसेटने ६० आत आयत घ्या. आता काठाचा जो पट्टा झाला तो एकच पृष्ठ आहे, मध्ये भोक असलेलं. सबडीला असं पृष्ठ चालत नाही. बाहेरच्या चार कोपऱ्यांपासून आतल्या चार कोपऱ्यांपर्यंत चार रेषा ओढा. पट्ट्याचे चार चौकोन झाले. नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त राहून जातात त्या याच रेषा.

३. आतला आयत पुशपुलने ११० खाली ढकला. तळाला ४० ची जाडी उरते.

४. तळाच्या मध्यावर पाणी जाण्याचं भोक हवं. इथे सर्कल टूलकडे हात जातो, पण तो आवरा. वर्तुळ म्हणजे स्केचअपसाठी चोवीस कडांचं भोक, आणि त्याच्याभोवतीचं पृष्ठ पुन्हा बिनचौकोनी. त्याऐवजी टेप मेजरच्या मार्गरेषांनी मध्य शोधून ४८ × ४८ चा चौकोन काढा आणि त्याचे कोपरे तळाच्या कोपऱ्यांना जोडा. मग तो चौकोन थेट खालच्या पृष्ठापर्यंत ढकला, आरपार भोक पडेल. ठोकळा उलटा करून खालच्या बाजूलाही भोकाचे चार कोपरे बाहेरच्या कोपऱ्यांना जोडा.

मार्गरेषा पुसा. आता मोजा: बाहेरच्या भिंती ४, काठ ४, आतल्या भिंती ४, आतला तळ ४, भोकाच्या भिंती ४, खालचा तळ ४. एकूण २४ चौकोन, एकही त्रिकोण नाही. कुठल्याही कोपऱ्यावर बोट ठेवा, तिथे बरोबर चार कडा मिळतात. गुळगुळीत जाळीसाठी याहून चांगली सुरुवात नाही. तीन किंवा पाच कडा मिळतात अशा बिंदूंना ‘पोल’ म्हणतात. वळणदार, चकचकीत भागावर पोल आला की प्रकाशात तिथे चिमटा किंवा खळगा दिसतो. साध्या ठोकळ्याला तसे आठ पोल असतात. आपल्या बेसिनला आरपार भोक असल्यामुळे ते एकही उरले नाहीत.

सगळं निवडून ग्रुप करा, कारण सबडी ग्रुपवर किंवा कंपोनंटवर चालतं. ग्रुप करण्याआधी दोन गोष्टी तपासा. बाहेरून सगळी पृष्ठं पांढरी दिसली पाहिजेत. निळसर दिसेल ते उलटं आहे, त्याला ‘रिव्हर्स फेसेस’ लावा. आणि आत कुठे लपलेलं पृष्ठ राहिलं नाही ना, हे एक्स-रे दृश्यात पाहा. प्रत्येक कडेला दोनच पृष्ठं लागलेली असावीत, तिसरं असेल तर गुळगुळीत केल्यावर तिथे जाळी फाटल्यासारखी दिसते.

बटण, आणि मग खरं काम

ग्रुप निवडून सबडिव्हिजन (म्हणजे वरची विभागणी) चालू करा आणि पातळी, म्हणजे विभागणी किती वेळा करायची तो आकडा, दोनवर ठेवा. समोर येईल ती मऊ, बसकी, सुजल्यासारखी वस्तू. काठ वितळलेला, तळ फुगलेला. इथे निराश होऊन पातळी वाढवणं हा चुकीचा रस्ता आहे. पातळी वाढवल्याने पृष्ठभाग अधिक बारीक होतो, आकार बदलत नाही. आकार मूळ जाळीत असतो, म्हणून दुरुस्तीही तिथेच करायची. सबडिव्हिजन बंद करा आणि ग्रुपच्या आत जा.

आधी तळ. बेसिन ओट्यावर सपाट बसलं पाहिजे. क्रीज टूल घेऊन खालच्या बाहेरच्या चारही कडांना पूर्ण क्रीज द्या. क्रीज म्हणजे ‘ही कड गोल करू नकोस’ असा हुकूम. कोपऱ्यात दोन क्रीज-कडा भेटतात तिथे मात्र रेषा वळणदारच राहते, त्यामुळे तळ सपाट आणि वरून पाहिल्यास अंडाकृती होईल. तसाच हवा. भोकाच्या खालच्या चार कडांनाही क्रीज द्या. ४८ चा चौकोन तिथे ४४ ते ४५ मिलिमीटरच्या जवळजवळ गोल भोकात बदलतो. वरच्या बाजूला क्रीज दिलेली नाही, म्हणून तळ भोकाकडे आपोआप उतरत जातो, पाणी जायला हवा तसा.

मग काठ. इथे क्रीज वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. क्रीजने कड सुरीसारखी होते, आणि खऱ्या चिनी मातीच्या बेसिनला तशी कड कधीच नसते. तिथे आधाराचा लूप, म्हणजे वस्तूभोवती फिरून बंद होणारी कडांची साखळी, हवा. बाहेरच्या भिंतीची एक उभी कड निवडा. क्वाडफेस टूल्सच्या ‘सिलेक्ट रिंग’ने चारही उभ्या कडा निवडल्या जातात, मग ‘इन्सर्ट लूप’. आलेला लूप मूव्ह टूलने निळ्या अक्षावर वर सरकवून काठाच्या १५ मिलिमीटर खाली आणा. आतल्या भिंतीवरही तेच करा. सबडिव्हिजन पुन्हा चालू केलंत की काठ सावरलेला दिसेल.

लूप काठाच्या जितका जवळ, गोलाई तितकी घट्ट. ५ वर ठेवा, २५ वर ठेवा, दोन्ही पाहा. या एका अंतराशी अर्धा तास खेळलात तर पुढच्या कुठल्याही वस्तूला लूप कुठे द्यायचा ते हाताला कळू लागतं. आतल्या तळाशी मात्र लूप देऊ नका, तो खोलगट वाटीसारखा वळू द्या.

वरून आयताकृतीच बेसिन हवं असेल तर उभे लूपही घालावे लागतात. आपली जाळी आरपार असल्याने ते काठावरून, आतल्या भिंतीवरून, तळावरून थेट भोकातून जातात आणि भोक पुन्हा चौकोनी दिसू लागतं. मग भोकाचे मधले बिंदू हाताने बाहेर ओढून ते गोल करत बसावं लागतं. पहिल्या बेसिनला अंडाकृतीच राहू द्या.

माप जुळवा

तळाशी आता ६०० ऐवजी सुमारे ५५० आणि ४५० ऐवजी सुमारे ४१२ भरेल. स्केल टूलने अख्खा ग्रुप ताणलात तर भोकही ताणलं जाईल. त्यापेक्षा सबडिव्हिजन बंद करून मूळ जाळीतली बाहेरची एकेक अख्खी भिंत लूपसकट निवडा आणि मूव्हने बाहेर सरकवा: लांबीच्या दोन टोकांना साधारण २७ मिलिमीटर, रुंदीच्या दोन बाजूंना साधारण २०. चालू करून पुन्हा मोजा. असं सरकवताना एखाद्या चौकोनावर तिरपी रेषा उमटली तर त्याचे दोन त्रिकोण झाले आहेत. ते निवडून क्वाडफेस टूल्सने पुन्हा चौकोनात बदलून घ्या.

पातळी किती ठेवावी

लूप धरून आपले ३२ चौकोन झाले. पहिल्या पातळीवर १२८, दुसऱ्यावर ५१२, तिसऱ्यावर २,०४८, चौथ्यावर ८,१९२. वळलेला चौकोन स्केचअप दोन त्रिकोण म्हणून साठवतं, म्हणजे चौथ्या पातळीवर सोळा हजारांहून जास्त पृष्ठं, एका बेसिनसाठी. काम करताना एक किंवा दोन, शेवटच्या चित्रासाठी तीन. चौथी पातळी फक्त अगदी जवळून दिसणाऱ्या वस्तूला द्या.

लहान वस्तूंना वेगळी अडचण येते. साधारण ०.०२५ मिलिमीटरहून, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाहून, आखूड कड स्केचअपला सांभाळता येत नाही. नथ किंवा दाराची मूठ गुळगुळीत करताना अचानक भोकं दिसू लागली तर कारण बहुधा हेच. मिलिमीटरच्या जागी मीटर धरून हजारपट मोठी वस्तू करा आणि काम संपल्यावर लहान करा.

बाहेरून आणलेल्या त्रिकोणी जाळीवर सबडी थेट चालवू नका. त्रिकोणांमुळे पृष्ठभागावर बारीक खळगे उमटतात. आधी क्वाडफेस टूल्सने जमतील तितके चौकोन करून घ्या, आणि जमत नसेल तर नव्याने काढा. बहुतेक वेळा तेच लवकर होतं.

सबडीचे पैसे भरायचे नसतील तर हेच बेसिन ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. तिथे ‘सबडिव्हिजन सर्फेस’ मॉडिफायर आतच आहे. ऑब्जेक्ट निवडून कंट्रोल आणि २ दाबलं की दुसरी पातळी लागते. एडिट मोडमध्ये कंट्रोल-आर ने लूप येतो, शिफ्ट-ई ने क्रीज. चौकोनांचा आणि लूपचा हिशोब तोच.

शेवटी ग्रुपची एक प्रत काढून तिच्यावरची विभागणी बंद करा आणि ती वेगळ्या टॅगवर लपवून ठेवा. पुढे माप बदललं तर काम तिच्यावरच सुरू होईल. गुळगुळीत ग्रुप निवडून ‘एंटिटी इन्फो’ पाहा. तिथे ‘सॉलिड’ असं लिहून घनफळ दिसत असेल तर जाळी सगळीकडून बंद आहे, आणि थ्रीडी छपाईसाठी एसटीएल फाइल काढायला हरकत नाही.