आपल्या धुळे-नंदुरबारच्या दगडी भिंती नकाशावर कशा आणायच्या

साक्रीहून धुळ्याकडे येताना कापसाच्या शेतांमधून सरळ रेषेत गेलेली काळ्या दगडाची लांबच लांब टेकाडं दिसतात ना, ते डाइक. म्हंजे जमीन फाटली, भेगेत मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला दगड) घुसला आणि तिथंच भिंतीसारखा गोठला. दख्खनचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आणि आपल्या पट्ट्यात 200 च्या वर डाइक मोजलेत, साक्री-धुळे-पारोळा वाला तर जवळपास 79 किलोमीटर लांब! आपल्या शिवारातला एक तरी प्रत्येकानं स्वतः नकाशावर आणावा असं मला फार वाटतं.

आधी घरीच बसा. गूगल अर्थवर एप्रिल-मे मधली इमेज उघडा, शेतं रिकामी असतात, रेघा उठून दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम. पाटाची रेघ पण तशीच दिसते पण पाट उतार सांभाळत वळतो, डाइक चढ-उतार न बघता सरळ जातो. सोबत 1:50,000 ची टोपोशीट (चढ-उतार दाखवणारा तपशीलवार नकाशा) ठेवा, नंदुरबार-दोंडाईचा 46 के नंबरमध्ये, धुळे-साक्री 46 एल मध्ये.

मग थंडीत फिरायला निघा. खरी ओळख खांबांवरून पटते. दगड थंड होताना भेगा पडून त्याचे खांब होतात, ते थंड होणाऱ्या बाजूला काटकोनात, म्हणून लाव्हाच्या आडव्या थरात ते उभे असतात आणि डाइकमध्ये आडवे, चुलीजवळ सरपण रचून ठेवल्यासारखे. आता कडेचा एक तुकडा आणि मधला एक तुकडा फोडून (डोळ्याला चष्मा लावूनच हां) शेजारी धरा, कडेचा इतका बारीक की कण दिसतच नाहीत कारण गार खडकाला टेकून झटकन गोठला, आणि मधल्यात उन्हात धरला की कण चमकतात. हे पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी बराच वेळ तिथंच बसून होतो.

दिशा घेताना होकायंत्र दगडावर टेकवू नका, बेसाल्टात, म्हंजे या काळ्या दगडात, मॅग्नेटाइट नावाचं चुंबकी खनिज असतं, सुई भरकटते. त्यापेक्षा टेकाडाच्या दोन टोकांना जीपीएस घ्या आणि रेघ जोडा. रुंदी मात्र काटकोनातच मोजा, तिरपी मोजली तर जास्त भरते.

वय ठरवायला सोपा नियम आहे, जो कापतो तो नंतरचा. डाइक थराला कापतो म्हणून थर जुना, दोन डाइक एकमेकांना छेदत असतील तर ज्याची रेघ तुटली तो आधीचा. आणि उत्तर-दक्षिण एक लाइन धरून तिच्यावरच्या सगळ्या पूर्व-पश्चिम डाइकच्या रुंद्यांची बेरीज केली की तिथं जमीन किती ताणली गेली ते मिटरात कळतं, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

रेघ शेतात मध्येच गायब झाली तर सोडू नका, जवळच्या विहिरीत वाकून बघा, आणि मळ्यातल्या आबांना विचारा कोणत्या बाजूच्या विहिरीला पाणी टिकतं. घट्ट डाइक जमिनीखालचं पाणी अडवतो, त्यामुळे एका बाजूला पाणी अन् पलीकडं ठणठणाट असं असेल तर रेघ तिथून गेली असायची शक्यता धरा. मला एका आबांनी बांधावरूनच हात करून दाखवलं होतं, "हाई भीत खाले बी शे" (ही भिंत खाली पण आहे). नकाशावर तेवढा भाग तुटक रेघेनं काढा, दिसला तो सलग, अंदाज तो तुटक.