बाल्ड ईगलचे फोटो काढायला चाललात? मग या चुका तरी टाळा

दर नोव्हेंबरला न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियातली आपली मंडळी कॉनोविंगोला बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे अमेरिकी गरुड, टिपायला जाऊन येतात आणि रविवारी रात्री माझ्या फोनवर तेच ते मेसेज सुरू होतात. "ईगल भरपूर होते पण एक फोटो धड नाही", "सगळे काळे आलेत", "डोकं म्हणजे नुसता पांढरा डाग". आणि त्यानंतर ठरलेला प्रश्न, कुठली लेन्स घेऊ? अरे लेन्स राहू दे बाजूला, आधी तिथे गेल्यावर काय काय केलंत ते सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉनोविंगो म्हणजे मेरीलँडमध्ये सस्क्वेहॅना नदीवरचं 1928 सालचं धरण. टर्बाइनमधून मासे अर्धमेले होऊन खालच्या पाण्यात बाहेर पडतात, आणि ते उचलायला ईगल जमतात. म्हणजे इथे सगळा खेळ माशांचा आणि पाण्याचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप होत नाहीत, पण आपले लोक मुळात तेच बघत नाहीत. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात भारी. जुलैमध्ये सुट्टी आहे म्हणून जाऊन "चारच दिसले हो" म्हणू नका. आयोवा-इलिनॉयकडे राहत असाल तर मिसिसिपीवरच्या लॉक अँड डॅमपाशी (बोटींसाठी दरवाजे असलेलं धरण) जानेवारीत जा, बाकी नदी गोठलेली असते आणि धरणाखाली तेवढं पाणी उघडं राहतं, त्यामुळे पक्षी तिथेच येतात.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, पक्ष्याच्या मागे धावणं. एकदा एक गृहस्थ आले, गळ्यात कॅमेरा, लेन्स 300 मिमीची. पलीकडे खडकावर एक ईगल मासा फोडत बसलेला, आम्ही पंचवीस-तीस जण काठावर ट्रायपॉड लावून उभे, सगळ्यांना छान दिसत होता. यांना तो लहान दिसत होता. मग काय, उतरले खाली खडकांवर, वाकून वाकून, जणू वाकलेला माणूस ईगलला दिसतच नाही. एकाने हाक मारली तर यांनी हातानेच "थांबा थांबा" केलं. ईगलने मान वर केली, अर्धा मासा तिथेच टाकला आणि गेला नदीपार. आणि तेवढ्यात धरणाचा सायरन वाजला. हा सायरन आणि लाल दिवे म्हणजे आणखी जनरेटर सुरू होतायत, खालचं पाणी भराभर वाढणार. गृहस्थ जे पळत वर आले ते एक बूट पाण्यात भिजवूनच. त्यांना फोटो मिळाला नाहीच, आमचाही गेला, आणि खरं सांगायचं तर त्या सायरननंतरचीच वेळ सगळ्यात चांगली असते, जुने लोक तो ऐकला की कॉफी खाली ठेवून कॅमेऱ्यामागे उभे राहतात, आणि हे मात्र गाडीत बसून मोजे पिळत होते.

त्यापेक्षा मी काय करतो सांगतो. पोचलो की कॅमेरा बाहेर काढतच नाही. वारा कुठून येतोय ते बघतो, कारण मोठे पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा आपल्या पाठीवर असला तर पक्षी तोंड आपल्याकडे करून येतो, नाहीतर दिवसभर शेपट्यांचे फोटो. ऊनही पाठीशी हवं, कॉनोविंगोच्या पार्कमधून ते दुपारनंतर मिळतं. मग एक जागा धरायची आणि तिथेच राहायचं. फांदीवर बसलेला ईगल पुढे झुकला आणि शिटला की तो आता उडणार असं समजा, बोट शटरवर ठेवा. हे कुठल्याही ॲपमध्ये नाही, बघत बसल्यावरच कळतं. आणि अकरा वाजता "आज काही नाही" म्हणून डायनरला पॅनकेक खायला जाणाऱ्यांनी मला दुपारचे फोटो मागू नयेत.

दुसरी चूक एक्स्पोजरची, आणि हिच्यावर मी कितीही बोललो तरी पुढच्या वर्षी परत तेच. पक्ष्याचं अंग गडद तपकिरी, डोकं आणि शेपूट पांढरंशुभ्र. मागे पांढुरकं आभाळ असलं की कॅमेरा आभाळ बघून फोटो काळा करतो. मग कोणीतरी सांगतं एक्स्पोजर प्लस दीड कर, म्हणजे फोटो उजळ येईल, ते करतात, आणि तोच पक्षी खाली पाण्यावर झेपावला की मागे काळी झाडी येते, कॅमेरा आणखी उजळ करतो आणि डोक्याची पिसं गायब. पक्ष्यावर पडणारं ऊन तेच आहे, फक्त मागचा पडदा बदलला, मग सेटिंग का बदलायचं? मॅन्युअलवर जा, म्हणजे सेटिंग कॅमेरा नाही, तुम्ही ठरवाल. चांगलं ऊन असलं की मी शटर 1/2500 सेकंद, एफ 6.3 आणि आयएसओ 640 च्या आसपास सुरुवात करतो, एखाद्या बसलेल्या ईगलच्या डोक्याचा फोटो काढून हायलाइटची लुकलुक बघतो (फोटोतला जळलेला पांढरा भाग स्क्रीनवर लुकलुकतो), लुकलुकतंय तर थोडं कमी करतो, आणि ढग येईपर्यंत हात लावत नाही. अंगाचा काळेपणा नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) उचलता येतो, जळलेलं पांढरं कोणाचा बाप परत आणू शकत नाही. "एआयने होतं ना" म्हणणाऱ्यांनी खुशाल करावं, ती पिसं त्या पक्ष्याची नसतात एवढंच.

शटर 1/2000 च्या खाली नेलात तर उडत्या पक्ष्याचे पंख फोटोत पुसट येणारच.

600 मिमीवर झूम करून आभाळात पक्षी शोधू नका, 400 वर पकडा आणि मग आत जा. बर्स्टचं, म्हणजे धडाधड फोटो काढायचं, बटण पक्षी लांब असतानाच दाबून धरलं तर मासा उचलायच्या वेळी कॅमेऱ्याचा बफर (तात्पुरती मेमरी) भरलेला असतो.

तपकिरी पक्षी दिसला की "गोल्डन ईगल, गोल्डन ईगल" ओरडायचं नाही. बाल्ड ईगलचं डोकं आणि शेपूट पूर्ण पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, तोवर पोरं तपकिरी-पांढरी चट्ट्यापट्ट्याचीच असतात. आणि माशावरून मारामाऱ्या हीच पोरं जास्त करतात, तेव्हा पांढऱ्या डोक्याची वाट बघत त्यांना सोडू नका. पंख व्ही आकारात धरून डुलत जाणारं ते टर्की व्हल्चर, म्हणजे गिधाड, ईगलचे पंख फळीसारखे सपाट.

गिधाडांवरून आठवलं, गाडी झाका. मी थट्टा करत नाहीये. तिथली काळी गिधाडं गाडीचं रबर खातात, वायपर, काचेच्या कडा, सनरूफची पट्टी, सगळं. ओळखीतल्या एकाने नवीकोरी एसयूव्ही तशीच लावली, म्हणे पाच मिनिटांत बघून येतो, आणि परत आला तेव्हा वायपरच्या दोऱ्या लोंबत होत्या. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडं दिसेनाशी झाली आणि इथे ही वेगळ्या जातीची गिधाडं गाड्या सोलतायत. जाड ताडपत्री आणि हुकवाले रबरी दोर, झालं काम.

घरट्याजवळ जाणं ही चूक नाही, गुन्हा होऊ शकतो. "आता तर खूप झालेत की" असं लोक म्हणतात. हो, झालेत, 1963 मध्ये अलास्का सोडून खालच्या 48 राज्यांत जेमतेम 417 जोड्या उरल्या होत्या, 1972 मध्ये डीडीटी हे कीटकनाशक बंद झालं, आणि सरकारच्या 2021 च्या अहवालात 71,400 घरटी करणाऱ्या जोड्या आहेत. 2007 मध्ये नाव धोक्याच्या यादीतून निघालं, पण ईगलच्या संरक्षणाचा 1940 चा कायदा अजून आहेच. पायी जाणाऱ्यांनी घरट्यापासून किमान 330 फूट लांब राहावं असं सरकारी मार्गदर्शन आहे, मी त्याहून लांबच थांबतो. थंडीत अंड्यांवरून आई उठली तर अंडी गार पडतात. ड्रोन तर नकोच, आणि घरट्याचं लोकेशन फेसबुकवर टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, खाली पडलेलं पीससुद्धा उचलायचं नाही. आठवण म्हणून बॅगेत टाकलं तरी तो त्याच कायद्याचा भंग होतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभर तुरुंग किंवा दोन्ही होऊ शकतं. पिसाचा फोटो काढा आणि ते तिथेच राहू द्या.